बिनतारी जोडणी : दोष नेमका कोठे?

दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ ग्रामपंचायतीच्या बाकावर ताटकळत बसलेला असतो आणि संगणकाच्या पडद्यावर ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ एवढीच अक्षरे उमटतात. अशा वेळी बाहेरून येणाऱ्या लाइनला बोल लावला जातो. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. तिलाच पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. ही तार काही वेळा खरोखरच बंद असते. परंतु पुष्कळदा बिघाड त्याच खोलीत, राउटर आणि संगणक यांच्या दरम्यान असतो.

त्याची परीक्षा सोपी आहे. मोबाइलवरील डेटा बंद करून तो त्याच वाय-फायला जोडावा. मोबाइलवर संकेतस्थळे उघडली, तर लाइन निर्दोष असून दोष संगणकाकडे आहे असे समजावे.

जुन्या संगणकांत बिनतारी संदेश घेण्याची सोय बहुधा नसते. त्यासाठी यूएसबी खाचेत छोटा अडॅप्टर बसवावा लागतो. मात्र त्याचा ‘ड्रायव्हर’, म्हणजे त्यास चालविणारी आज्ञावली, संगणकात नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. विंडोज प्रणालीतील ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्याच्या नावापुढे पिवळे चिन्ह दिसल्यास हेच कारण संभवते. गंमत अशी, की ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यावयाचा आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा! म्हणून अडॅप्टरचा मॉडेल क्रमांक पाहून दुसऱ्या संगणकावर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून तो उतरवावा व पेन ड्राइव्हने आणावा.

अडॅप्टर चालू असूनही कार्यालयाच्या वाय-फायचे नाव यादीत दिसत नाही, असेही घडते. अनेक स्वस्त अडॅप्टर केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओळखतात. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असल्यास त्यांना तो दिसणारच नाही. राउटरवर दोन्ही पट्टे सुरू ठेवणे हा त्यावरील उपाय होय. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून अधिक दूर जातात. मात्र त्या पट्ट्यात गर्दी असते, म्हणून १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळी वाहिनी निवडावी. राउटर लोखंडी कपाटाच्या आड ठेवण्याची सवय मोडणे, हा तर बिनखर्ची उपाय आहे.

जोडणी झाली, पण संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. राउटर व अडॅप्टर बंद करून पुन्हा सुरू केल्याने बहुधा काम भागते.

एक दोष मात्र फार फसवा आहे. वीज गेल्यानंतर जुन्या संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांचे प्रमाणपत्र ब्राउझर संगणकाच्या तारखेवरून पडताळतो. तारीख चुकली की ती उघडत नाहीत, आणि ठपका मात्र वाय-फायवर येतो. येथे तारीख दुरुस्त करावी व संगणकातील नाण्याएवढी बॅटरी बदलून घ्यावी.