घरचा सामना परदेशात: चाहते का चिडले?

स्पेनच्या 'ला लीगा' फुटबॉल स्पर्धेत प्रत्येक संघ १९ सामने घरच्या मैदानावर खेळतो आणि १९ बाहेर. व्हिलारियलचा बार्सिलोनाविरुद्धचा घरचा सामना मात्र २० डिसेंबर २०२५ला अमेरिकेत, मायामीला खेळवायचं ठरलं. कारण उघड आहे, तिथला प्रेक्षक आणि पैसा.

क्लबने वर्षभराचं तिकीट काढणाऱ्यांना फुकट विमानप्रवास देऊ केला. मग तक्रार कसली? तुम्हीच विचार करा, ऐन नाताळाच्या तोंडावर सात हजार किलोमीटर कोण जाणार? व्हिलारियल म्हणजे जेमतेम पन्नास हजार वस्तीचं गाव. बार्सिलोनासारखा संघ तिथे वर्षातून एकदाच यायचा, तोही पळवला!

दुसरा मुद्दा मला जास्त पटतो. बाकीच्यांनी व्हिलारियलच्या गोंगाटात खेळायचं आणि बार्सिलोनाने तटस्थ मैदानावर, हा कुठला न्याय? रिअल माद्रिदचाही हाच आक्षेप होता.

ऑक्टोबरमध्ये खेळाडूही सामना सुरू होताच पंधरा सेकंद नुसते उभे राहिले. (पहिल्या सामन्यात टीव्हीने तेवढा वेळ स्टेडियम बाहेरूनच दाखवलं!) २१ ऑक्टोबरला बेत रद्द झाला. सामना व्हिलारियलमध्येच झाला आणि घरच्या प्रेक्षकांसमोर बार्सिलोनाने तो २-० जिंकला.