धनुष्यासाठी लाकडाची निवड

धनुष्यासाठी लाकडाची निवड ही अखंड लाकडापासून घडवल्या जाणाऱ्या पारंपरिक धनुष्याच्या निर्मितीतील पहिली व निर्णायक पायरी आहे. असे लाकूड केवळ कठीण असून भागत नाही; ते न मोडता वाकावे लागते आणि दोरी सुटताच वेगाने पूर्ववत व्हावे लागते. सदोष लाकडाचे धनुष्य पूर्ण ओढलेल्या स्थितीत मोडल्यास त्याचे तुकडे धनुर्धराला गंभीर इजा करू शकतात.

लाकडावरील ताण व दाब

धनुष्य ओढले असता लक्ष्याकडील बाजू (पाठ) ताणली जाते, तर धनुर्धराकडील बाजू (पोट) दाबली जाते. पाठीवरील तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असणे आवश्यक असते. ते मध्येच कापले गेले असल्यास तेथे ढलपी सुटते आणि तडा पसरतो. पोटाकडील लाकूड दाबास कमकुवत असल्यास त्यावर बारीक आडव्या सुरकुत्या पडतात, किंवा धनुष्याला कायमचा बाक येतो.

ओंडक्याची पारख

सरळ वाढलेले, पीळ नसलेले आणि कमीत कमी गाठी असलेले खोड उत्तम समजले जाते. सालीवरील रेषा खोडाभोवती वळत गेलेल्या दिसल्यास आतील तंतूंनाही बहुधा पीळ असतो. ओंडका शक्यतो करवतीने न कापता पाचरी ठोकून फोडतात. कारण फूट तंतूंच्या दिशेने जाते व लाकडाचा खरा कल उघड होतो. अनेक वृक्षांच्या बाबतीत पाठीसाठी एकच वार्षिक वलय निवडून ते संपूर्ण लांबीभर न छेदता राखले जाते. कापीव फळी वापरायची असल्यास तिच्यावरील रेषा कडेला न निसटता दोन्ही टोकांपर्यंत समांतर गेलेल्या असाव्यात.

सुकवणे

ओल्या लाकडाचे धनुष्य लवकर बाक धरते, तर अतिशय कोरडे लाकूड ठिसूळ होते. सर्वसाधारणपणे ८ ते १० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. ओंडक्याची टोके आधी सुकून तडकतात, म्हणून त्यांवर मेण, रंग किंवा सरस लावून लाकूड सावलीत सावकाश सुकवतात.

प्रमुख वृक्ष

इंग्लंडच्या लांब धनुष्यांसाठी यू वृक्ष प्रसिद्ध आहे. त्याचे बाहेरचे फिकट रसकाष्ठ ताण उत्तम सहन करते, तर आतील तांबूस अंतःकाष्ठ दाब सोसते. त्यामुळे एकाच लाकडात दोन्ही गुण मिळतात. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेच्या अवशेषांत यूची १३० हून अधिक धनुष्ये सापडली. डेन्मार्कमधील होल्मगार्ड येथे सापडलेली सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची धनुष्ये एल्मची आहेत. उत्तर अमेरिकेतील ओसेज ऑरेंज या वृक्षाला फ्रेंच वसाहतकारांनी ‘धनुष्याचे लाकूड’ या अर्थाचेच नाव दिले होते.

भारतात बांबूची धनुष्ये सर्वत्र आढळतात. भिल्ल समाजातही ती रूढ आहेत. बांबूचे बाहेरील कवच ताणास विशेष बळकट असते. सह्याद्रीच्या जंगलांत आढळणाऱ्या धामण वृक्षाचे लाकूड चिवट व लवचीक असते. त्याची ‘धन्वन’ व ‘धनुर्वृक्ष’ ही संस्कृत नावे याच उपयोगाकडे निर्देश करतात.

यूची टंचाई

चांगल्या लाकडाच्या मागणीचा परिणाम जंगलांवरही झाला. इंग्लंडला देशातील यू अपुरा पडू लागल्याने १४७२ च्या कायद्याने परदेशी व्यापाऱ्यांना मालाच्या ठरावीक मापामागे धनुष्याचे चार दांडे आणणे बंधनकारक केले. यूची वाढ अत्यंत संथ असल्याने या व्यापारामुळे बव्हेरिया व ऑस्ट्रियातील यूची जंगले विरळ झाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या सैन्यात धनुष्याची जागा बंदुकीने घेतली.