खोकला ऐका, पण श्वास मोजा

पावसाळ्यात वालावलसारख्या आमच्या गावांत लहानग्यांच्या सर्दी-खोकल्याला ऊत येतो. संध्याकाळपर्यंत खळ्यात बागडणारं मूल मध्यरात्री अचानक कुत्रा भुंकल्यासारखं खोकू लागतं. आवाज बसतो, श्वास आत घेताना कर्कश वाजतं. मग कोणी म्हणतं, ‘पोराक दृष्ट लागली’, तर कोणी ओव्याचा शेक द्यायला धावतं. हा बहुधा ‘क्रूप’. साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांत विषाणूमुळे स्वरयंत्राला सूज येते, म्हणून असा आवाज. श्वास सोडताना शिट्टी वाजली, तर त्रास खाली छातीत असतो.

मैत्रिणींनो, खोकला कितीही भयंकर वाटला तरी दुखणं किती गंभीर, हे श्वास सांगतो. बाळ शांत असताना पोट उघडं करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हे आपल्याला जमेल का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या दायांना हेच शिकवलं. त्यांच्यासाठी मणी आणि एका मिनिटाची वाळूची घटिका असलेला श्वासमापक बनवला. त्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी आढळले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे काम छापलं.

शांत बसलेलं असतानाही श्वास वाजत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळे पडले, लाळ गिळता येईना किंवा मूल मलूल झालं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. मुलाला मांडीवर बसतं धरा, रडवू नका, घशात चमचा घालून बघू नका. वाफेने क्रूप बरा होतो हे सिद्ध झालेलं नाही, पोळण्याची भीती मात्र असते. डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा एक डोस सूज उतरवतो.

सर्दी नसताना खाता-खेळता ठसका लागून श्वास कोंडला, तर शेंगदाणा, चिंचोका अडकला असेल; तेव्हाही तातडीच करा. घटसर्पातही घसा असाच कोंडतो, म्हणून लसीचं कार्ड तपासा.

६०, ५०, ४०. हळदीकुंकवाला जमाल तेव्हा हे तीन आकडे एकमेकींना जरूर सांगा.