मुरगाव ते दिवाडी: जहाजाच्या थांब्यातील बस आणि फेरीबोट

समुद्रपर्यटनाच्या जहाजाचा बंदरातील थांबा हा त्या प्रवासाचा सर्वांत तोकडा भाग असतो, आणि तो कसा वापरायचा याचा निर्णय प्रवाशाला बहुधा जहाजावर असतानाच, सहलींच्या पत्रकाकडे पाहत, घाईने घ्यावा लागतो. जहाजकंपनी जी सहल स्वतः आखून विकते तिला 'किनारासहल' म्हणता येईल. तिच्यात वातानुकूलित बस, मार्गदर्शक आणि ठरलेली ठिकाणे असतात, शिवाय ती सहल उशिरा परतली तरी जहाज सामान्यतः तिच्यासाठी थांबते. ही शेवटची हमी मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यापोटी थांब्याचा मोठा भाग दुकानांत, जेवणात आणि चाळीस माणसे पुन्हा बसमध्ये बसेपर्यंत वाट पाहण्यात जातो. या सहलीला दुसरा पर्याय आहे तो त्या गावच्या लोकांच्या रोजच्या वाहनांचा, म्हणजे सार्वजनिक बसचा आणि नदी ओलांडून नेणाऱ्या फेरीबोटीचा. महाराष्ट्रातील प्रवाशाला हा पर्याय सर्वांत जवळून उपलब्ध होतो तो गोव्यात, मुरगाव बंदरात.

नाशिकसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरातून समुद्रपर्यटनाला जाणे आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. सकाळची पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि बॅलार्ड पियरचा क्रूझ धक्का तेथून हाकेच्या अंतरावर आहे. २०१८ मध्ये 'आंग्रिया' हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले, २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया' कंपनीच्या सफरी मुंबईहून निघू लागल्या, आणि जलप्रवास ही कल्पना मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सुटीच्या बेतात आली. त्याआधी हा मार्ग अज्ञात होता असे मात्र नाही. कोकणच्या किनाऱ्याने पणजीपर्यंत जाणाऱ्या बोटींवर चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांनी ये-जा केली आणि 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावे आजही अनेक घरांत निघतात. फरक इतकाच, की त्या बोटीचा उतारू घरी जात असे, तर आजच्या उतारूला संध्याकाळी पुन्हा त्याच जहाजावर चढायचे असते.

मुरगाव बंदर जुवारी नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर आहे, आणि पणजी मांडवीच्या मुखाशी. या दोन नद्या आणि त्यांना आतल्या बाजूने जोडणारी कुंभारजुव्याची खाडी यांनी वेढलेला तिसवाडी तालुका भूगोलाच्या दृष्टीने बेटच आहे; पोर्तुगीज अमदानीत या भागाला 'इल्हास' म्हणजे बेटे असेच नाव होते. मांडवीच्या पात्रातील दिवाडी आणि चोडण ही याच तालुक्यातील धाकटी बेटे. म्हणजे मुरगावहून निघालेला प्रवासी आधी जुवारी ओलांडून एका मोठ्या बेटावर येतो आणि मग मांडवी ओलांडून दुसऱ्या, लहान बेटावर जातो. पहिली नदी बसने पुलावरून आणि दुसरी फेरीबोटीने. पूर्वी दोन्ही नद्या बोटीनेच ओलांडाव्या लागत, कारण जुवारीवरचा पूल होईपर्यंत कुठ्ठाळी आणि आगशी या दोन काठांमध्ये फेरीबोटच चालत असे. आज त्याच ठिकाणी तारांवर तोललेला आठपदरी नवा पूल असून त्याचे दोन्ही भाग डिसेंबर २०२३ पर्यंत वाहतुकीला खुले झाले आहेत.

बंदर हे संरक्षित क्षेत्र असल्याने जहाजाच्या पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर येता येत नाही. फाटकापर्यंत नेण्याची व्यवस्था असते आणि तेथून वास्को शहराचे बसस्थानक काही किलोमीटरवर राहते. ओळखपत्र आणि जहाजाने दिलेले चढण्या-उतरण्याचे कार्ड या दोन वस्तू खिशातच असाव्यात, कारण परतताना फाटकावर त्या दाखवाव्या लागतात. फाटकाबाहेर टॅक्सी आणि रिक्षा असतात. त्यांच्या जोडीला पुढचा मडगार्ड पिवळा रंगवलेली मोटारसायकल असते, जिच्या चालकाला गोव्यात 'पायलट' म्हणतात आणि जो एका उतारूला भाडे घेऊन मागे बसवून नेतो. एकट्या प्रवाशाने वास्को स्थानकापर्यंत पायलटने आणि कुटुंबाने रिक्षाने जावे, हे सोयीचे.

वास्कोहून पणजीकडे कदंब परिवहन महामंडळाच्या विनाथांबा बस सुटतात. हे महामंडळ १९८० मध्ये स्थापन झाले आणि त्याला नाव मिळाले ते गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजघराण्याचे. या नावाचा दिवाडी बेटाशी असलेला संबंध पुढे येईलच. या बसला गोव्यात 'शटल' म्हणतात, आणि शटलची शिस्त एसटीच्या प्रवाशाला प्रथम थोडी वेगळी वाटते. तिकीट कंडक्टर देत नाही, ते स्थानकावरच्या खिडकीत रांगेने घ्यायचे असते. बसमध्ये उभ्याने प्रवास नसतो. सगळी आसने भरली की बस सुटते आणि मध्ये कोठे न थांबता साधारण तासाभरात पणजीला पोहोचते. नाशिकमध्ये जुलै २०२१ पासून धावणाऱ्या सिटीलिंकच्या बसने निमाणी किंवा नाशिकरोडला जाणाऱ्या माणसाला बसचा क्रमांक आणि वेळ पाहण्याची सवय झालेली असते. येथे वेळ पाहण्यापेक्षा रांग पाहावी लागते, कारण एक बस भरली की दुसरी लागते. हा फरक किरकोळ वाटला तरी जहाजाच्या प्रवाशासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्याला संध्याकाळपूर्वी परतायचेच आहे त्याला तासातून एकदाच पण अचूक वेळी सुटणाऱ्या वाहनापेक्षा वेळापत्रक नसलेले पण सतत सुटणारे वाहन अधिक सुरक्षित ठरते. पहिल्या प्रकारात पाच मिनिटांच्या उशिराची किंमत एक तास होते, दुसऱ्यात ती पाच-दहा मिनिटेच राहते.

पणजी बसस्थानकावरून जुने गोवे आणि फोंड्याच्या दिशेला खासगी बस लागोपाठ सुटतात आणि त्यांचे कंडक्टर गावांची नावे ओरडत असतात. चढण्यापूर्वी "रायबंदरवरून जाते का?" एवढे विचारून घ्यावे, कारण काही बस बाहेरच्या रस्त्याने निघून जातात. कोकणी न येणाऱ्याला मराठी पुरते. रायबंदरकडे जाणारी बस ज्या लांबलचक, खाजणांमधून गेलेल्या बांधावरून धावते तो 'पोंत द लिन्यारिश' म्हणजे लिन्यारिशचा पूल, १६३३-३४ मध्ये बांधलेला आणि सुमारे ३ किलोमीटर लांबीचा. चारशे वर्षांच्या या बांधकामावरून आजही रोजची बस जाते. दिवाडीला जाण्यासाठी दोन धक्के उपयोगी आहेत: एक रायबंदरला, दुसरा जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीपलीकडे. जुन्या गोव्याचा धक्का निवडला तर १९८६ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या चर्चसमूहातील से कॅथेड्रल आणि बॉम जेझू वाटेवरच पाहून होतात.

फेरीबोट हा शब्द महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दाभोळ-धोपावे किंवा दिघी-आगरदांडा येथे वाहने नेणाऱ्या बोटींमुळे रूढ आहे. गोव्यात जुन्या पिढीतील लोक लहान मोटार लाँचला 'गॅसोलीन' म्हणत. आजची फेरीबोट म्हणजे सपाट तळाचा, मधोमध मोकळा असलेला लोखंडी तराफा. कडेला बाके आणि उंचावर चालकाची खोली. धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार. मांडवीचे पाणी भरती-ओहोटीने चढते-उतरते, म्हणून सरळ भिंतीचा धक्का येथे निरुपयोगी ठरला असता. उतारावर मात्र पाणी कोठेही असो, बोट तेथेच टेकते. बोट टेकण्याआधीच पुढच्या स्कूटरवाल्याने इंजिन सुरू केलेले असते, साखळीचा आवाज करीत लोखंडी फळी उतारावर पडते, आणि मग स्कूटर, माशांची टोपली घेतलेल्या बाया, दप्तरे सांभाळणारी मुले आणि शेवटी एखादी मोटार अशा क्रमाने बोट रिकामी होते व तितक्याच झपाट्याने भरते. नवख्या प्रवाशाने फळीच्या मध्यात न थांबता कडेने चढावे आणि वाहनांची वाट मोकळी ठेवावी, कारण बोटीवरचे बहुतेक लोक कामाला निघालेले असतात. या बोटी राज्य सरकारचे नदी परिवहन खाते चालवते आणि साध्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नसते. नदी ओलांडायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

तिकीट नसण्यामागे केवळ सवलत नाही. ज्या गावाला पूल नाही त्या गावासाठी बोट हाच रस्ता असतो, आणि रस्त्यावरून पायी चालण्याचे पैसे कोणी घेत नाही. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला तेव्हा हे साऱ्या गोव्याला उमगले. नवा पूल उभा राहीपर्यंत उत्तर गोव्याची वाहतूक फार मोठ्या प्रमाणात फेरीबोटींनीच पेलली. पर्यटकाने या बोटीत बसताना तिचे हे मोल ओळखलेले बरे.

दिवाडीवर उतरल्यावर रस्ता दोन्ही बाजूंच्या खाजणांमधून पिएदादे गावाकडे जातो. ही चाल अर्ध्या-पाऊण तासाची आहे. 'खाजण' म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली सखल शेतजमीन, आणि त्या बांधात पाणी आत-बाहेर सोडण्यासाठी असलेल्या लाकडी दरवाजांच्या रचनेला 'मानस' म्हणतात. भरतीचा दाब दरवाजे आपोआप मिटवतो, ओहोटीला आतले पाणी ते उघडून बाहेर पडते. भाताचे पीक आणि मासळी दोन्ही याच व्यवस्थेवर उभी आहेत, आणि बांध एकदा फुटला तर खाऱ्या पाण्याने बाधलेली जमीन पूर्ववत व्हायला दीर्घ काळ जातो. म्हणून बांधावरून चालताना त्याची कड न ढासळेल अशी काळजी घ्यावी.

बेटाच्या उत्तरेला नारवे येथे सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान होते. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख असे. बहमनी काळात उद्ध्वस्त झालेले देऊळ १४ व्या शतकात विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, १६ व्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले, आणि देव नदीपार डिचोलीच्या बाजूला नेण्यात आला, जेथे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला. दिवाडीवर आता कोटीतीर्थ ही तळी राहिली आहे. ज्या राजघराण्याच्या नावाची बस पकडून प्रवासी वास्कोहून निघाला, त्याच्या देवाच्या तळीपाशी तो अशा रीतीने येऊन पोहोचतो, आणि त्याच काठावरून नारव्याची दुसरी फेरीबोट त्या देवाच्या आजच्या मंदिराकडे नेते. जहाजाच्या थांब्यात मात्र हा शेवटचा टप्पा सहसा बसत नाही, आणि तो ओढूनताणून बसवू नये.

कारण सर्व भिस्त परतीच्या हिशेबावर आहे, आणि तो उलटा मांडायचा असतो. समजा, जहाजावर चढण्याची शेवटची वेळ ५ आहे. ही जहाज सुटण्याची वेळ नव्हे, तिच्या आधीची वेळ असते. मग ४ वाजता वास्को स्थानकावर, त्यासाठी पावणेतीनला पणजीच्या शटलच्या रांगेत, आणि त्यासाठी दोनच्या सुमारास दिवाडीच्या धक्क्यावर असले पाहिजे. सकाळी दहाला बंदराबाहेर पडलेला प्रवासी बाराच्या आसपास बेटावर पोहोचतो, म्हणजे बेटासाठी त्याच्याकडे सुमारे दोन तास उरतात. जाताना लागलेल्या वेळेत निदान निम्म्याची भर परतीसाठी घालावी, आणि पुढची बोट किती वेळाने आहे हे बेटावर पाऊल ठेवतानाच विचारून घ्यावे. पणजीत रांग लांबलेली दिसली तर तेथून टॅक्सी करावी. वाचवलेल्या पैशांतून एवढी तरतूद आधीच बाजूला ठेवलेली असली म्हणजे मन स्वस्थ राहते.

ज्यांना इतकी धावपळ नको, त्यांच्यासाठी चोडण अधिक सुटसुटीत आहे. रायबंदरहून चोडणची बोट उतरवते तेथेच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याचे प्रवेशद्वार आहे. १९८८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य दोन चौरस किलोमीटरहूनही लहान आणि जवळजवळ पूर्णपणे कांदळवनाचे, म्हणजे खाऱ्या चिखलात मुळे वर काढून उभ्या राहणाऱ्या झाडांचे आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या गोड्या पाण्यावर पक्षी पाहिलेल्या नाशिककराला येथील वेगळेपण लगेच जाणवेल: तेथे दुर्बीण मोकळ्या पाण्यावर रोखायची, येथे खंड्याचा निळा रंग फांद्यांच्या जाळीतून शोधायचा आणि ओहोटीला चिखलावर सरपटणारे निवट्या मासे पायाशी पाहायचे.

जगात काही बेटांनी जहाजाच्या प्रवाशाला सार्वजनिक वाहनात सामावून घेण्याची पद्धत फार विचाराने बसवली आहे. अटलांटिकमधील बर्म्युडात बसथांब्याचा गुलाबी खांब म्हणजे राजधानी हॅमिल्टनकडे जाणारी बस आणि निळा खांब म्हणजे तिच्यापासून दूर जाणारी, एवढे कळले की नवखा माणूस चुकत नाही; बंदरातूनच बोटीही सुटतात आणि बस व बोट दोन्हींत चालणारा एकच पास मिळतो. मुरगावच्या फाटकाबाहेर शटलची माहिती देणारा एक मराठी-कोकणी-इंग्रजी फलक आणि वास्को स्थानकापर्यंत एक जोडबस, एवढी सोय झाली तरी अनेकांचे पाऊल टॅक्सीऐवजी बसकडे वळेल, आणि त्यातले काही पैसे बेटावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचतील.

दिवाडीचा सर्वांत गजबजलेला दिवस मात्र जहाजाच्या प्रवाशाच्या वाट्याला येत नाही. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर बोंदेरा साजरा होतो, गावातील वाड्यांचे रंगीत ध्वज निघतात, आणि दोन्ही धक्क्यांवर बोटीसाठी दूरवर रांग लागते. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, समुद्रपर्यटनाची जहाजे मुंबई-गोवा मार्ग सोडून गेलेली असतात. नाशिकहून ज्याला बोंदेरा पाहायचा असेल त्याने रेल्वेने किंवा रात्रीच्या बसने पणजी गाठावी, रायबंदरची बस धरावी आणि सकाळची पहिली फेरीबोट चुकवू नये.