फुस्स आवाज आणि चार मिलिमीटरची नळी

फुस्स्स!

बस, एवढाच आवाज. त्यासाठी मी चौदा हजार मोजले होते. बोनस ताजा होता, गाडी सेकंड हँड का होईना पण टर्बो पेट्रोल होती, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये गिअर बदलताना फुस्स झालं की चार माना वळायच्या. ज्या पार्टमधून हा आवाज येतो त्याला म्हणतात ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने तो बसवला, वर डॅशबोर्डजवळ बूस्ट गेजही लावून दिलं. महिन्याभराने मीच परत गेलो, ‘बॉस, आवाज अजून भारी पाहिजे.’ त्याने एक नळी इकडची तिकडे केली. आता फुस्सच्या जागी फुर्र-फुर्र-फुर्र! अगदी रॅलीतल्या गाडीसारखं. मी जाम खूश.

ही खुशी उतरली ती थेट खान्देशात.

एप्रिल महिना, धुळ्याला मामेबहिणीचं लग्न. जळगावहून आईला घेतलं. मावशीला अमळनेरहून उचलायचं होतं, म्हणून हायवे सोडून आतल्या रस्त्याने निघालो. अमळनेर-धुळे रोड, भर दुपार, बाहेर चव्वेचाळीस डिग्री. पुढे कडब्याने लादलेली ट्रॉली. रस्ता मोकळा दिसला, तिसरा गिअर टाकला, पाय दाबला. गेजचा काटा एरवी ०.८ बारला थांबायचा. तो एकच्या पुढे गेला, सव्वाला टेकला आणि गाडीचा दमच गेला. इंजिन चालू, पण ओढ शून्य. मी ट्रॉलीच्या बरोबर बाजूला, आणि समोरून लाल एसटी.

एसटीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. मीही मारला आणि कसाबसा ट्रॉलीच्या मागे घुसलो. मावशी देवाचं नाव घेत होती. आई काहीच बोलली नाही. धुळं येईपर्यंत काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

लीक आहे, मग प्रेशर वाढलं कसं?

हळद उरकली आणि मामा म्हणाले, “चल, गाडी दाखवून येऊ.” मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला ट्रकवाल्यांचं गॅरेज. मला वाटलं, ट्रकच्या मिस्तरीला माझ्या गाडीतलं काय कळणार? पण हायवेवरच्या ट्रकना टर्बो असतोच, ही मंडळी रोज त्याच्याशीच झटतात. मिस्तरींनी बॉनेट उघडलं. “काय झायं भाऊ?” मी सगळं सांगितलं. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हकडे बोट करून म्हणाले, “हे आमच्या ट्रकला नसतं.” बरोबरच आहे. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखं थ्रॉटलने हवा अडवायचं काम नसतं, त्यामुळे या व्हॉल्व्हची गरजच पडत नाही.

इथे थोडं टेक्निकल, पण सोपं करून सांगतो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर टर्बोचा एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनीअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, म्हणजे आयडिया काही नवी नाही. पण हे पंखे मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात, त्यांना आवरायला कुणीतरी हवंच. ते काम वेस्टगेटचं. बूस्ट ठरलेल्या आकड्याला पोचला की वेस्टगेट उघडतं आणि जादा धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो.

आता खरी गंमत. बूस्ट किती झाला हे वेस्टगेटला कोण सांगतं? चार मिलिमीटरची एक रबरी नळी. ती टर्बोकडून अ‍ॅक्च्युएटर नावाच्या छोट्या डबीत प्रेशर पोचवते आणि डबी दांडा ढकलून वेस्टगेट उघडते. हीच नळी चिरली तर? डबीपर्यंत प्रेशर पोचतच नाही, वेस्टगेट बंद राहतं, बूस्ट चढत जातो. आपल्या ऑफिसात नाही का, रिपोर्ट मॅनेजरपर्यंत पोचलाच नाही तर त्याला वाटतं सगळं आलबेल आहे! शेवटी गाडीचा कॉम्प्युटर घाबरून इंजिन वाचवायला ताकदच कापतो. माझ्या बाबतीत तेच झालं, तेही एसटीसमोर.

म्हणजे जाड पाइप लीक झाला तर बूस्ट कमी होतो, पण ही बारीक नळी लीक झाली तर बूस्ट वाढतो. हे एक वाक्य कळलं की अर्धं ट्रबलशूटिंग झालं.

सायकलचा पंप आणि साबणाचं पाणी

मिस्तरींनी इंजिन थंड होऊ दिलं. मग अ‍ॅक्च्युएटरला थेट सायकलचा पंप जोडून हलक्या हाताने हवा मारली. दांडा हलला, म्हणजे डबी ठणठणीत. मग तीच हवा नळीतून मारली. दांडा ढिम्म. नळीवर साबणाचं पाणी ओतलं आणि एका ‘टी’पाशी बुडबुडे आले.

हा टी कंपनीचा नव्हताच. आवाज ‘अजून भारी’ करताना ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची नळी वेस्टगेटच्या नळीत टी मारून जोडली होती. क्लॅम्पऐवजी प्लॅस्टिकची पट्टी. नळी गरम टर्बोला खेटून कडक झालेली, वाकवली की चीर दिसायची.

मामा वाकून बघत होते. त्यांची शेती ठिबकवर. म्हणाले, “अरे, मोटर चालू ठेवून वॉल एकदम बंद केला तर काय होतं? पाइपच फुटतो ना!” शंभर टक्के! ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल बंद होतं आणि दाबलेली हवा अडकते. तिला वाट देणं हे ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं काम. त्यासाठी त्याची नळी थ्रॉटलच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डलाच लागते. पाय सोडल्यावर तिथे व्हॅक्यूम तयार होतो आणि तो व्हॉल्व्ह उघडतो. माझी नळी थ्रॉटलच्या अलीकडे जोडलेली, तिथे व्हॅक्यूम कुठला? व्हॉल्व्ह उघडतच नव्हता. ज्या फुर्र-फुर्रवर मी फिदा होतो, तो हवा परत पंख्यावर आदळल्याचा आवाज होता.

मिस्तरींनी टी काढला, दोन्हीकडे नवी नळी टाकली, ज्याची त्याच्या जागी लावली, चार क्लॅम्प आवळले. बिल तीनशे रुपये. गेजचा काटा पुन्हा ०.८ ला थांबला.

तुमच्या गाडीतही टर्बो असेलच

२००४ मध्ये भारतात स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली तेव्हा टर्बो पेट्रोल ही हौशी लोकांची गोष्ट होती. मग २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय, २०१७ मध्ये नेक्सॉन, २०१९ मध्ये व्हेन्यू. आज तुमच्या ईएमआयवरच्या गाडीतही टर्बो असू शकतो. म्हणून ही छोटीशी चेकलिस्ट:

• बूस्ट एकदम चढून गाडी दम सोडते? स्कॅनरवर पी०२३४ कोड येतोय? आधी वेस्टगेटची बारीक नळी बघा, मग तिचा सोलेनॉइड, मग वेस्टगेट अडकतंय का ते.

• गाडी ओढतच नाही, कोड पी०२९९? इंटरकूलरचे जाड पाइप आणि त्यांचे क्लॅम्प तपासा.

• आयडलिंगला आरपीएम वर-खाली? ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची नळी निसटली किंवा चिरली असेल.

• ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची नळी स्वतंत्र हवी. वेस्टगेटच्या नळीत टी मारायचा नाही.

• उन्हाळ्याआधी सगळ्या नळ्या वाकवून बघा. कडक लागली की बदला.

• बूस्ट चढतोय असं कळलं की ओव्हरटेक बंद. आधी दुरुस्ती.

आणि हो, हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह मी काढूनच टाकला. कंपनीचा व्हॉल्व्ह तीच हवा मुकाट्याने परत इनटेकमध्ये सोडतो, म्हणून त्याचा आवाज येत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्यातलं कलम १८२अ २०१९ च्या दुरुस्तीने बदललंय. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही. हौस महागात पडते ती अशी.

लग्न लागलं, आम्ही जळगावला परत निघालो. पारोळा मागे पडलं तेव्हा आई म्हणाली, “गाडीचा तो आवाज गेला का रे?”

“हो, काढून टाकला.”

“बरं केलंस.” आणि मग तिने पिशवीतून लाडू काढून माझ्या हातात दिला.