बेटांवरील वाइनची सामूहिक चव-परीक्षा : द्राक्ष बागाईतदारांना तिचा उपयोग

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण शेतमालासही लागू पडते. वर्षभर राबून पिकविलेला माल आपणास गोडच लागतो आणि त्यातील उणीव ध्यानात येते ती गिऱ्हाइकाने पाठ फिरविल्यावर. वाइनच्या धंद्यात ही चूक विशेष महाग पडते, कारण छाटणीत वा तोडणीत झालेली चूक बाटली उघडेपर्यंत लपून राहते. ती वेळीच उघडकीस आणण्याचा साधा उपाय म्हणजे अनेकांनी एकत्र बसून, बाटल्या झाकून केलेली चव-परीक्षा.

ही परीक्षा म्हणजे मद्यपान नव्हे, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. येथे वाइन तोंडात घोळवून थुंकून टाकावयाची असते. परवाना व वयोमर्यादा यांविषयीचे शासकीय नियम आधी पाळावेत. परवान्यावाचून घरी वाइन तयार करणे हा गुन्हा आहे, हेही विसरू नये.

बेटांचीच वाइन का निवडावी ?

नवशिक्या परीक्षकास सूक्ष्म फरक उमगत नाहीत. त्याच्यापुढे ठळक फरक असलेले नमुने ठेवावे लागतात. बेटांवर जमीन, वारा आणि पाणी यांचे स्वरूप टोकाचे असते व बागाईतदाराला त्यांच्याशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे पेल्यात जे जाणवते त्याचे कारण बागेत शोधणे सोपे जाते. पुढील पाच बेटे या दृष्टीने चांगली आहेत.

पिको : हे पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातील बेट होय. येथे पाऊस भरपूर आहे, परंतु माती फारच थोडी. काळ्या ज्वालामुखी खडकाच्या फटींत वेली लावतात आणि भोवती दगडांच्या कोरड्या रचाईचे लहान लहान वाडगे उभारतात. या भिंती समुद्राचा खारा वारा अडवितात व दिवसाची ऊब रात्री वेलींना देतात. 2004 मध्ये या बागांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. येथील कोरडी पांढरी वाइन आंबटसर असून तिच्यात किंचित खारट छटा परीक्षकांना अनेकदा जाणवते.

लान्सारोते : हे स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक. 1730 ते 1736 या काळात ज्वालामुखीच्या उद्रेकाने येथील सुपीक जमीन राखेखाली गेली. शेतकऱ्यांनी राखेत खोल खड्डे खणून मुळे खालच्या मातीपर्यंत पोचविली आणि वाऱ्याच्या बाजूस अर्धवर्तुळाकार दगडी बांध घातला. वर्षाकाठी सुमारे 150 मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढ्यावर बाग जगते, कारण राखेचा थर आच्छादनाप्रमाणे ओल धरून ठेवतो. मुख्य जात माल्व्हासिया व्होल्कानिका ही आहे.

सांतोरिनी : या ग्रीक बेटावर पाऊस 400 मिलिमीटरहून कमी व उन्हाळी वारा अतिशय जोराचा. म्हणून वेल मांडवावर न चढविता जमिनीलगत टोपलीसारखी विणतात. घड टोपलीच्या आत, पानांच्या सावलीत पिकतात. जमिनीत चिकणमाती जवळजवळ नसल्याने फायलोक्सेरा ही मुळांवरील कीड येथे टिकली नाही. वेली आपल्याच मुळांवर वाढतात आणि जुने खोड जीर्ण झाले की ते छाटून त्याच मुळावर नवी टोपली विणता येते. अस्सिर्तिको ही येथील जात कडक उन्हातही आपली आम्लता सोडत नाही. मात्र उत्पन्न अल्प आणि पर्यटनामुळे जमिनीला मिळणारा भाव मोठा, यामुळे या बागांवर आज संकट आहे.

पांतेल्लेरिया : सिसिली व ट्युनिशिया यांच्यामधील हे इटालियन बेट. येथे उथळ आळ्यात बुटके झुडूप राखून झिबिब्बो ही सुगंधी द्राक्षे पिकवितात. या लागवड-पद्धतीस 2014 मध्ये युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. द्राक्षे उन्हात सुकवून केलेली येथील गोड वाइन ‘पासितो’ या नावाने ओळखली जाते.

मदेरा : या पोर्तुगीज बेटावर डोंगरउतारावर दगडी ताली घालून, दूरवरचे पाणी पाटांनी आणून शेती करतात. येथील पुष्कळ वेली आपल्याकडील मांडवासारख्या ठेंगण्या मांडवावर असतात. हवा दमट असल्याने भुरीसारख्या रोगांचा उपद्रव होतो. एकोणिसाव्या शतकात प्रथम भुरीने आणि 1872 च्या सुमारास फायलोक्सेराने येथील बागा उद्ध्वस्त केल्या होत्या. या वाइनमध्ये मद्यार्क मिसळतात व ती मुद्दाम उष्णतेत मुरवितात. उष्ण कटिबंधातून जहाजाने प्रवास केलेली वाइन अधिक चवदार होते, या अनुभवातून ही रीत निघाली. हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजांतूनही ती येत असे.

परीक्षेची मांडणी

परीक्षक बारा असावेत. वेळ सकाळी दहा ते बाराची उत्तम, कारण त्या वेळी जीभ ताजी असते. खोलीत उजेड भरपूर हवा. उदबत्ती, अत्तर, तंबाखू वा स्वयंपाकाचा वास नसावा. परीक्षकांनी आधी तासभर चहा, पान व तिखट पदार्थ टाळावेत.

बाटल्यांवर कागद गुंडाळून प्रत्येक नमुन्यास तीन आकडी क्रमांक द्यावा. 1, 2, 3 असे क्रमांक दिल्यास पहिल्याला झुकते माप मिळते. हे काम एका व्यक्तीकडे सोपवावे व तिने गुण देऊ नयेत. प्रथम पिको, लान्सारोते व सांतोरिनी यांच्या कोरड्या वाइन, नंतर पांतेल्लेरियाची गोड आणि शेवटी मदेराची तीव्र वाइन, असा क्रम ठेवावा. उलट केल्यास गोडीपुढे कोरडी वाइन फिकी लागते.

कोरड्यांपैकी एक वाइन वेगळ्या क्रमांकाने दोनदा ठेवावी. अशा रीतीने पेले सहा होतात. प्रत्येकी 30 मिलिलिटर धरल्यास बाराजणांना दोनदा 720 मिलिलिटर लागते, म्हणजे 750 मिलिलिटरची एक बाटली पुरते. एकाच वाइनला ज्याने फार भिन्न गुण दिले, त्याने अजून सराव करावा व त्या दिवशी त्याचा कागद बाजूला ठेवावा. यात कमीपणा नाही. सरावलेल्या परीक्षकांचीही अशी गल्लत होते.

कोरडी वाइन 10 ते 12 अंश सेल्सिअस तपमानास द्यावी. जवळ पाणी, साधा पाव व थुंकण्यासाठी भांडे ठेवावे.

चव कशी घ्यावी ?

पेला पांढऱ्या कागदावर धरून रंग व स्वच्छता पाहावी. नंतर वास घ्यावा, पेला गोल फिरवून पुन्हा घ्यावा. मग घोटभर वाइन तोंडात सर्वत्र घोळवून आंबटपणा, गोडी, तुरटपणा व उष्णता यांचा अंदाज घ्यावा आणि थुंकल्यावर चव किती वेळ टिकते ते मोजावे. वीस गुणांपैकी रूपास 2, वासास 6, चवीस 8 व एकंदर समतोलास 4 गुण ठेवता येतील. कागद भरून होईपर्यंत कोणीही बोलू नये. एकाने ‘छान’ म्हटले की अकराजण मान डोलावतात. कागद गोळा झाल्यावर मोकळेपणाने चर्चा करावी आणि अखेरीस बाटल्या उघड कराव्यात.

दोष पेल्यात, मूळ बागेत

कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर तोडणीच्या तोंडावर गंधकाची फवारणी वा धुरळणी झाली होती काय, हे पाहावे. घडांवर राहिलेल्या गंधकापासून हा दोष उद्भवू शकतो. किण्वाला पुरेसे नत्र न मिळाल्यानेही तसे घडते. शिरक्याचा वास आल्यास फुटके, सडके मणी निवडून काढले होते काय, याची चौकशी करावी. चव मिळमिळीत व उष्ण लागली, तर तोडणी उशिरा होऊन आम्लता उतरली असण्याचा संभव असतो. कच्च्या मण्याचा बोचरा आंबटपणा असेल, तर तोडणी घाईने झाली असे समजावे.

आपल्यासाठी बोध

नाशिक भागात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात होते. ऊन वाढू लागले की साखर चढते व आम्लता झपाट्याने घटते. टोपलीसारखी वेल आपण विणावी असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु घडांवर पानांची सावली राखणे, ओल धरण्यासाठी आच्छादन करणे, वाऱ्याला आडोसा देणे, ही त्या बेटांवरील कामांची तत्त्वे आपल्याही बागेस उपयोगी आहेत. बागाईतदाराने केवळ साखरेच्या आकड्यावर तोडणी न ठरविता आम्लता मोजावी, मणी चाखावेत, बियांचा रंग तपकिरी झाला काय ते पाहावे. प्रत्येक खाचराच्या तोडणीची तारीख व आकडे वहीत नोंदवावे. अशी नोंद नसेल, तर चव-परीक्षेत आढळलेल्या दोषाचा माग लागत नाही.

ज्यांना वाइन वर्ज्य आहे, त्यांनाही ही रीत उपयोगी पडेल. गूळ, तांदूळ, आंबा, बेदाणा यांची परीक्षा अशीच नावे झाकून, क्रमांक घालून, मौन राखून करता येते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम गुळाच्या चार नमुन्यांवर हा प्रयोग करून पाहावा. आपल्या मालाचा क्रमांक तळाशी आला, तर त्या शेतकऱ्यास वाईट वाटेल हे खरे. परंतु बाजाराने तोच निकाल देण्यापूर्वी तो शेजाऱ्यांकडून कळणे केव्हाही हिताचे, कारण पुढील हंगामाची छाटणी अजून त्याच्या हातात असते.