तिसऱ्या दिवशी आशाताई दारात का येते?

आजचा विषय टेकचा नाही, पण एकदा ऐकाच.

गेल्या वर्षी माझी मोठी बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. बार्शीजवळचं आमचं गाव. मीही वर्क फ्रॉम होम घेऊन तिथेच होतो. बाळाला घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी आशाताई दारात. मी लॅपटॉपमधून मानही वर न काढता म्हणालो, "आमचं खाजगीत झालंय."

ती म्हणाली, "दवाखाना खाजगी असू दे दादा, बाळ तर आपल्या गावचंच ना?"

आईने तिला आत घेतलं म्हणून बरं झालं. तिने साबणाने हात धुतले, बाळाचं वजन केलं, काखेत थर्मामीटर लावला आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. बहिणीला ताप आहे का, रक्तस्राव किती होतो, तेही विचारलं. हे आम्हाला दवाखान्यातून निघाल्यावर कुणीच विचारलं नव्हतं.

सातव्या दिवशी ती पुन्हा आली. तोपर्यंत बाळ फार झोपायला लागलं होतं आणि आम्ही सगळे खूश! "किती शहाणं बाळ, रडत पण नाही." आशाताईने तळपाय आणि पोटाला हात लावला. गार. अंगावर घ्यायला सांगितलं तर बाळ ओढेना. तिने बाळाला बहिणीच्या छातीशी उघड्या अंगाने धरायला लावलं, वरून पांघरूण घातलं आणि १०२ ला फोन लावला. जंतुसंसर्ग निघाला. भाची आठ दिवस दवाखान्यात होती.

मला वाटायचं, आजारी बाळ म्हणजे तापाने फणफणलेलं. पण नवजात बाळाला संसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. दूध कमी ओढणं, मलूल पडणं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, नाळेतून पू, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. नवजात बाळांच्या मृत्यूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. आपण कोड प्रॉडक्शनला टाकला की पहिले काही तास स्क्रीनसमोरून हलत नाही. इथे मात्र डिस्चार्ज मिळाला की काम झालं, असं धरून चालतो.

आणि ही कल्पना आपल्या गडचिरोलीची आहे बरं का! डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना बाळ तपासायला शिकवलं, संसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलासुद्धा. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत या भेटी सुरू झाल्या. आशाताई इंजेक्शन देत नाही. ओळखायचं आणि वेळेत पाठवायचं, हे तिचं काम.

तारखा फोनमध्ये टाकून ठेवा: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. हा भाग २०१८ मध्ये जोडला गेला. सगळं मोफत. खाजगी दवाखाना, सरकारी दवाखाना, पहिलं बाळ, तिसरं बाळ, काही फरक नाही. कुणी आलंच नाही, तर अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात विचारा.

पहिल्या ४२ दिवसांच्या सगळ्या भेटींचा मोबदला योजना आली तेव्हा ठरला, २५० रुपये. एका भेटीला चाळीसच्या आसपास. रात्री बिर्याणी मागवताना आपण जवळपास तेवढा डिलिव्हरी चार्ज देतो.

भाची आता आठ महिन्यांची आहे, रांगत माझ्या चार्जरपर्यंत पोचते. नवव्या महिन्याच्या भेटीसाठी आशाताईचा मेसेज आलाय, आणि या वेळी दार मी उघडणार आहे.